उरलेले चार दिवस

मंसिर ३, विक्रम संवत २०६५

डॉक्टर म्हणाले, "नुसतं 'हल्ली विसरतात' म्हणून मला काही कळत नाही. तारीख घालून लिहून ठेवा. काय विसरल्या, काय उलटसुलट बोलल्या. माघात घेऊन या." म्हणून ही वही.

लिहायचं ते मांबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल. रत्नमाया ताम्राकार. येत्या फागुन बाराला त्यांना सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस पूर्ण होतील आणि त्यांचा जंको होईल. त्या दिवशी माणूस देव होतं. मुलं-नातवंडं रथात बसवून गल्लीतून ओढतात, सगळे पाया पडतात. आमच्या पाटणच्या तांबटआळीत सहा वर्षांत कोणी त्या वयाला पोचलेलं नाही. रथावरच्या छत्रीचा पत्रा ह्यांनी स्वतः ठोकायला घेतलाय, दुकानातली कामं बाजूला ठेवून.

आणि नेमक्या आत्ता मां विचित्र वागायला लागल्यात.

पहिली नोंद. काल दुपारी गच्चीवर उन्हात त्यांना डुलकी लागली होती. मी शाल घालायला गेले तर डोळे न उघडता म्हणाल्या, "तता, सरक ना." तता म्हणजे मोठी बहीण. मी त्यांची सून, आणि मोठी बहीण त्यांना कधी नव्हतीच. धाकटी होती, ती लहानपणी देवी येऊन गेली, असं त्याच सांगतात.

दुसरी नोंद. त्यांची तांब्याची पेटी. किल्ली पूर्वी खुंटीवर असायची, आता कमरेला. घरात आम्ही चारच माणसं. हे, मी, आमची लेक रोजिना आणि त्या. ह्यांच्यावर आणि नातीवर त्या संशय घेणार नाहीत, तेव्हा ही किल्ली माझ्यापासून लपवलीय हे उघड आहे.

मंसिर १०

रोजिनाला शाळेत निबंध होता, घरातल्या मोठ्यांना संवत एकोणीसशे नव्वदच्या भूकंपाबद्दल विचारून या म्हणून. ती वही घेऊन मांच्या समोर बसली.

"अजी, तुला आठवतो?"

"मला कसा आठवेल गं? मी तर आईच्या पोटात होते," मां म्हणाल्या.

हे जेवताना हसले. "मां, अठ्ठ्याऐंशीच्या साउनात, भर श्रावणात जन्मलीस तू. अडीच वर्षांची घोडी होतीस."

"हां, हां. पोटात माझी बहीण होती. मी बाहेर होते."

आणि ताटात भात तसाच ठेवून उठल्या.

डॉक्टरांसाठी लिहिते: विसरणारं माणूस इतक्या चटकन सावरत नाही. माझ्या आईला शेवटी विसर पडला तेव्हा ती चूक दाखवली की भांडायची. ह्यांनी चूक दाखवल्याबरोबर मांनी दुसरं उत्तर काढलं, ते तयारच होतं जणू. मला हा विसर वाटत नाही. मग काय आहे?

मंसिर २८

काल यमरी पुन्ही झाली, नव्या भाताची पौर्णिमा. नव्या तांदळाच्या पिठाच्या यमऱ्या केल्या, काकवी-तिळाचं सारण घालून. हाताला मां अजून पक्क्या आहेत, एकही फुटली नाही. मी एकोणचाळीस मोजल्या होत्या. वाटून, नैवेद्य दाखवून दोन कमी भरल्या. तोंडाने विचारलं नाही. संध्याकाळी त्यांच्या अंथरुणाशी केळीच्या पानात गुंडाळलेल्या सापडल्या, पिशवीत, बाहेर जायच्या चपलांसोबत.

आज सकाळी पिशवी नव्हती आणि मां म्हणाल्या, "गणेशाला जाऊन आले." गणेश आमच्या दारापासून वीस पावलांवर आहे. त्या गेल्या साडेसहाला, आल्या अकराला. चपलांना पिवळी माती. पाटणात ही माती नाही.

नणंदेकडे, चंद्रशोभाकडे, जातात की काय लपूनछपून? पेटीतले दागिने तिला द्यायचे असतील तर समोर द्यावेत. मी हात धरणार आहे का?

पुस ६

रोजिना अकरा पूर्ण. गुरुजूंकडे, आमच्या पुरोहितांकडे, जाऊन तिला खोलीत बसवायचा माघातला मुहूर्त घेतला. मागची खोली रिकामी केली. बारा दिवस तिने त्या अंधारात बसायचं, पुरुषाचं तोंड नाही, ऊन नाही, बाराव्या दिवशी बाहेर काढून सूर्याशी लग्न. मी बसले होते, माझ्या दोन चुलतबहिणींसोबत. पत्ते खेळलो, हसून हसून पोट दुखलं, खोलीच्या भिंतीवर चिकटवतात त्या कापसाच्या भुताला रोज आधी जेवू घातलं. मला काही झालं नाही. खिडक्यांसाठी नऊ हात काळं कापड आणलं.

मां कापडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी माझा जंको होऊ दे, भौ. पोरीचं मग बघू."

सुनेला त्या एरवी नावाने हाक मारतात, केशरी म्हणून. भौ म्हणजे नुसती सून. भौ म्हटलं की हुकूम समजायचा.

"बरं. मग जंकोची निमंत्रणं लिहायला घेऊ?" मी म्हटलं.

"घाई काय आहे? दोन-तीन वर्षं थांबला म्हणून काय बिघडतं?"

नातीचं जंकोनंतर, आणि जंको दोन-तीन वर्षांनी. म्हणजे नातीचं कधीच नाही. माझ्या मुलीचा संस्कार अडवायचाय त्यांना. कशासाठी, ते शोधून काढीन.

पुस ११

काळं कापड नाहीसं झालं. सापडलं ते स्वयंपाकघरात, हातहात लांबीच्या तुकड्यांत. गरम भांडी उचलायला.

"दिसलं, फाडलं," मां म्हणाल्या. "सुती होतं."

मी ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "अगं, म्हाताऱ्या माणसाच्या हातून होतं." पण तुकडे बघितले का ह्यांनी? कात्रीने, सरळ रेषेत, एकाच मापाचे.

पुस १९

हे लिहिताना बरं वाटत नाही, पण डॉक्टरांना कळायला हवं.

उजाडायच्या आत खालच्या नळावर मां चादर धूत होत्या. बोटं मरतील अशा गारठ्यात. मला बघून चादर पाण्याखाली दाबली. "मी धुते" म्हटलं तर, "झालंच माझं. तू वर जा, चहा टाक." दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांची जुनी लाल सुती साडी फाडून पट्ट्या केलेल्या दिसल्या, गच्चीच्या कोपऱ्यात कुंड्यांमागे वाळत घातलेल्या. म्हणजे अंथरुणात होतंय आणि लाज वाटतेय म्हणून सांगत नाहीत. लघवीवर ताबा सुटणं हे त्या आजाराचं लक्षण आहे असं मी वाचलंय.

रोजिना गेला आठवडा त्यांच्याच अंथरुणात झोपते, तिला सगळं ठाऊक असणार. विचारलं, तर खाली बघून म्हणाली, "मला नाही माहीत, ममी." कानापर्यंत लाल झाली. माझ्या पोटची पोर माझ्याशी खोटं बोलायला शिकली, आणि कोणाकडून शिकली ते सांगायला नको.

माघ १

संक्रांत. दरवर्षी मां सगळ्यांच्या टाळूवर कोमट तेल घालतात. आज माझ्या घातलं, ह्यांच्या घातलं, रोजिनाला म्हणाल्या, "तुला सर्दी आहे, तू राहू दे. देवळातही येऊ नकोस." पोरीला सर्दी नव्हती. पोट दुखतंय म्हणत होती. मांनी तिला ओव्याचं कढण करून दिलं, गूळ घालून, आणि शेगडी तिच्या पायाशी सरकवली. मी आत गेले की दोघी गप्प. मी बाहेर आले की कुजबूज.

माझ्या लेकीला सणाच्या दिवशी देवापासून लांब का ठेवलं? तिला काही खायला घालून आजारी तर पाडत नाहीत? खोलीत बसवायचं टळावं म्हणून? लिहिताना मलाच लाज वाटते, पण मनात आलं ते आलं.

कढणाची वाटी मी चाखून बघितली. ओवा आणि गूळच होता.

माघ ६

शाळेत सहावीला 'माणसाच्या वाढीच्या अवस्था' शिकवलं. दर वर्षी शिकवते. तक्ता टांगला: तान्हं मूल, बालपण, वयात येणं, तारुण्य, प्रौढपण, म्हातारपण. मुलींना म्हटलं, अंगात होणारे बदल आईपासून लपवू नका, आईला लगेच कळतंच. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आणि म्हातारपणानंतर?" मी म्हटलं तक्ता तिथेच संपतो.

चार वाजता मांना डॉक्टरांकडे नेलं. तारीख विचारली, बरोबर सांगितली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, माझ्या आधी करून मोकळ्या. वय विचारलं तर म्हणाल्या, "कागदावर आहे तेच लिहा."

डॉक्टरांनी माझी वही चाळली. अंथरुणाचं विचारल्यावर मां माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ते मी नव्हे."

"डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "काहीतरी सांगायचं नाहीये त्यांना, एवढंच."

तेच तर मी म्हणतेय.

माघ १३

आज काय झालं ते सगळं लिहून ठेवते.

सकाळी मां पिशवी घेऊन निघाल्या. "गणेशाला." मी शाळेत निरोप पाठवला आणि मागे निघाले. लगनखेलला त्या बसमध्ये चढल्या, मी मागच्या दाराने चढले, डोक्यावरून शाल घेऊन. कोटेश्वरला त्यांनी बस बदलली. चंद्रशोभाचं घर त्या दिशेला नाही. मग कोणाकडे? बस बनेप्याची होती. बनेपा त्यांचं माहेर. पण तिथे आता कोणी नाही, घर विकून तीस वर्षं झाली.

बनेप्याला उतरून दोन गल्ल्या चालल्या. एका घराच्या तळमजल्यावर धान्याचं दुकान आहे. दुकानदारीण त्यांना ओळखत होती. "या अजी, बसा," म्हणाली आणि आपली गिऱ्हाइकं बघायला लागली. मां पोत्यांच्या मधून मागे गेल्या, जिथे जमीन अजून मातीची आहे, पिवळ्या मातीची. खाली बसल्या. पिशवीतून पान काढलं, त्यावर पोहे, आलं, उकडलेलं अंडं मांडलं. आणि जमिनीला म्हणाल्या, "उशीर झाला गं तता. बस मिळेना."

मी पोत्याआडून पुढे आले. दचकतील असं वाटलं होतं, नाही दचकल्या.

"कोटेश्वरलाच बघितलं मी तुला," म्हणाल्या. "शाल माझीच आहे ती. बस."

मी बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं.

त्या दोघी बहिणी. मोठी रत्नमाया, अठ्ठ्याऐंशीच्या साउनातली. धाकटी नव्वदच्या चैतातली, भूकंपानंतर दोन महिन्यांनी शेतात बांधलेल्या पालात जन्मलेली. त्या वर्षी जोशी कुठला मिळायला? पत्रिका झाली नाही, नावही धड ठेवलं नाही. आई तिला भुखाय् म्हणायची, भुखाय् म्हणजे भूकंप. दोन हजार सालच्या माघात दोघींना एकाच खोलीत बसवलं. एक बाराची, एक नवाची. सहाव्या दिवशी मोठीला ताप भरला.

"आई दाराशी येऊन रडायची. पण दार कसं उघडणार? वैद्य पुरुष. आत कसा येणार? बारा दिवस झाल्यावर बघू म्हणाले. मी तिच्या कपाळावर ओला फडका ठेवत होते. काळोखात पाणी कुठे, कपाळ कुठे, काही दिसायचं नाही. आठव्या दिवशी तिने मला 'सरक' म्हटलं नाही, तेव्हा मला कळलं."

त्या खोलीत मेलेली मुलगी दारातून बाहेर नेत नाहीत. जमीन खणून घराखालीच पुरतात, तसं तिला इथेच, ह्या विकलेल्या माहेरच्या घराखाली पुरलं, आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर त्या घरात कोण सोयरीक करणार? मोठीची पत्रिका पाटणला जुळलेली होती, सुपारी झालेली होती. लोकांना सांगितलं की धाकटी मामाकडे गेली होती, तिथे देवी आल्या. वर्षभर हिला घराबाहेर पडू दिलं नाही. नंतर बापाने पत्रिका हातात दिली आणि म्हणाला, आजपासून तू रत्नमाया. ती पत्रिका अजून पेटीत आहे, किल्ली कमरेला त्यासाठीच. चार वर्षांनी लग्न झालं. सासरची बाई म्हणाली होती, पोर सोळाची वाटत नाही, अंगाने फारच किरकोळ आहे.

"हे तिचं वय आहे, केशरी. तिचं नाव, तिचा नवरा, सगळं तिचं घेतलं मी. मुलं तेवढी माझी. आता तिचा जंकोही मी खाऊ? देव व्हायचा दिवस तिचा आहे. रथात बसले तर वरून तीच बघेल, की सरकली नाहीस ती नाहीसच."

दुकानात कोणीतरी दोन किलो मसूर मागत होतं. मी म्हटलं, "मामंजींना ठाऊक होतं?"

"नाही. कोणालाच नाही. आज तुला."

मग म्हणाल्या, "आणि पोरीला पुसातच झालंय. खोलीत बसवायच्या आत पाळी आली की त्याच दिवशी कोंडतात, तू तिला कोंडली असतीस. मी तिला म्हटलं, आईला सांगू नकोस. शिव्या द्यायच्या तर मला दे."

चादर, पट्ट्या, ओवा, संक्रांत. तक्ता टांगून शिकवणारी बाई मी, आणि माझ्याच घरात मला दिसलं नाही. मांचा राग आला की माझा, ते अजून ठरत नाही. परतीच्या बसमध्ये आम्ही एका बाकावर बसलो. त्यांना झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी सरकले नाही.

माघ १४

रोजिनाला जवळ घेऊन विचारलं. रडली. मग म्हणाली, "ममी, पण मला बसायचंय."

"कुठे?"

"खोलीत. वर्गातल्या सगळ्या बसल्या. सुलोचनाला बारा फ्रॉक मिळाले. अजी नको म्हणते, ती घाबरते. का घाबरते ते सांगतच नाही."

आता हे काय करायचं? मांना सांगितलं. त्यांनी हातातली मेथीची जुडी निवडून संपवली. शेवटी म्हणाल्या, "तिला हवंय तर बसू दे. पण मला शब्द दे. ताप आला तर दार उघडायचं. गुरुजू काही म्हणोत, आळी काही म्हणो, देव काही म्हणो."

मी त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. आणि जंकोबद्दल मीही एक मागितलं: "तुमचा खरा दिवस कधी येतो?" बोटांवर मोजून झालेलंच होतं त्यांचं. अडुसष्ट सालचा कात्तिक. अजून दोन वर्षं आठ महिने.

"तोवर जगाल?"

"बघते," म्हणाल्या.

माघ २०

ह्यांना खरं सांगायला मांनी मनाई केलीय. आपण ज्या नावाने आईला ओळखतो ते एका पुरलेल्या मुलीचं आहे हे पन्नाशीच्या मुलाला सांगून काय मिळणार, असं त्या म्हणतात. मला पटलेलं नाही, पण गुपित त्यांचं आहे.

म्हणून मी खोटं बोलले. डॉक्टरांनी मांना रथात बसायची बंदी केलीय, धक्के सोसणार नाहीत, जंको पुढे ढकला.

हे छत्रीवर नक्षी उमटवत होते. हातोडी खाली ठेवली. "जंको पुढे ढकलतात? सात दिवस म्हणजे सात दिवस. पालखी करू, खुर्ची करू."

"डॉक्टर म्हणाले गर्दी नको."

"कोणता डॉक्टर? मी जाऊन विचारतो."

"विचारा," मी म्हटलं.

ह्यांनी हातोडी पुन्हा उचलली. "तुला पहिल्यापासून नकोच होतं हे, केशरी. मां विसरते, मां खोटं बोलते, वह्या लिहून ठेवतेस. वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लंस."

मां वरच्या जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. एक पायरी उतरल्या, मी मान हलवून नको म्हटलं. त्या परत वर गेल्या.

फागुन १०

रोजिना आज खोलीत बसली. गुरुमां, म्हणजे गुरुजूंच्या बायको, येऊन पूजा करून गेल्या. त्यांना मी एकटीने भेटून पोरीचं खरं सांगितलं होतं. म्हणाल्या, "उशीर झालाय, पण सूर्य काही वाट बघून थकत नाही." नवं काळं कापड लावलं. नुसती सोबतीला तिच्या मावशीची लेक आहे, तिचं बसणं आधीच झालंय. थर्मामीटर मी दोन आणलेत, एक फुटलं तर दुसरं. सकाळ-संध्याकाळ मी आत जाते. मां दाराबाहेर गोधडी टाकून बसल्यात. आतून हसण्याचे आवाज आले की कान लावतात. आवाज थांबला की दार ठोठावतात.

फागुन १२

आज जंको व्हायचा होता. छत्री कोपऱ्यात उभी आहे, फडक्याने झाकलेली. शेजारची साहिली आली आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "म्हातारीला देव होऊ दिलं नाहीस होय गं?" गल्लीतल्या नळावर पाणी भरायला गेले तर तिथल्या बायका गप्प झाल्या. मी खोलीत गेले की मां आणि रोजिना अशाच गप्प व्हायच्या, ते आठवलं.

मांनी दिवसभर अन्न घेतलं नाही. दुपारी नदीवर एक दिवा सोडून आल्या. मी बरोबर जाऊ का विचारलं, हो म्हणाल्या.

रोजिनाचा ताप ९८.४.

फागुन १७

सकाळी ९९.१. मी दोनदा घेतला. दुपारी ९९.४. आठवा दिवस.

मांना सांगू नये असं वाटत होतं, पण शब्द दिला होता. सांगितलं. त्यांनी कडी काढली, आत शिरल्या, खिडकीवरचं कापड दोन्ही हातांनी ओढून काढलं. खोलीत ऊन पडलं. पोरींनी डोळे झाकले. गुरुमां आल्या तेव्हा मी दारात उभी राहिले, मला वाटलं वाद होईल. त्या आत डोकावून म्हणाल्या, "उघडलंच आहे तर डॉक्टरलाही बोलवा."

डॉक्टर आले. तेच. ह्यांनी त्यांना जिन्यातच गाठलं, "माझ्या आईला रथाची बंदी तुम्ही केलीत का?" मी वरून ऐकत होते. डॉक्टरांनी वर माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "घरातल्यांनी मला सांगितलं, मी हो म्हटलं." ह्यांना ते उत्तर समजलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

रोजिनाच्या घशाला सूज. औषध दिलं. संध्याकाळी ९८.६.

फागुन १८

ताप नाही. रोजिना म्हणते मला पुरे बारा दिवस करायचे. कापड परत लावलं, या वेळी वरची एक फट उघडी ठेवून.

मी आत पाणी ठेवायला निघाले तर मां दारात उभ्या. हातात गोधडी, नेसलेल्या लुगड्यावर दुसरी शाल.

"कुठे निघालात?"

"आत. माझे चार राहिलेत."

मला आधी कळलंच नाही.

"आठ बसले होते मी," म्हणाल्या. "मग मला बाहेर काढलं, धुतलं, कपाटामागे लपवलं. सूर्य काही दाखवला नाही कोणी. नऊची होते तशीच राहिले. लग्न झालं, मुलं झाली, नातवंड झालं, पण ते राहिलंच. उरलेले चार दिवस बसते. चालेल का, गुरुमांना विचार."

गुरुमांना विचारायला गेले तेव्हा त्यांना सगळं सांगावं लागलं. त्या विधवेचं सूर्याशी लग्न लागतं का, असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन ताटं मांड."

ह्यांना सांगितलं, मां नातीची सोबत करतायत. पुरुषाला आत बघायची मुभा नाही, तेव्हा प्रश्नच मिटला.

फागुन २०

आतून पत्त्यांचा आवाज. मां लबाडी करतात अशी रोजिनाची तक्रार. मी दाराला कान लावला. जुनी सवय.

"अजी, तू राणी लपवलीस."

"सिद्ध कर."

फागुन २१

सकाळी दोघींना डोळ्यांवरून ओढण्या घालून गच्चीवर आणलं. रोजिनाच्या अंगावर लाल, मांच्या अंगावर माझी लग्नातली लाल शाल; विधवेला लाल नको असं त्या म्हणाल्या, पण मी ऐकलं नाही. परातीत पाणी भरून ठेवलं होतं. आधी पाण्यातला सूर्य, मग वरचा. रोजिनाने ओढणी काढली, शिंकली, हसली, "दिसला!" झालं तिचं.

मांनी ओढणी काढली आणि पाण्याकडे बघत बसल्या. गुरुमांनी हळूच विचारलं, "नाव?"

खालच्या गल्लीत ह्यांची हातोडी चालू होती.

"आईने ठेवलेलं सांगू?"

"तेच."

त्यांनी सांगितलं, अगदी लहान आवाजात. गुरुमांनी ते नाव घेऊन कुंकू लावलं, पाण्यात बोट बुडवून भांगात रेघ ओढली. मग मांनी मान वर केली आणि सरळ सूर्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मां, डोळे जातील," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

फागुन २४

चंद्रशोभा आली. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. "माझ्या आईचा जंको बुडवलास. आळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. काय वैर होतं तुझं?"

हे दुकानातून वर आले, दारात उभे राहिले. माझ्या बाजूने बोलले नाहीत, तिच्याही नाही. मी चहा गाळत होते. काय सांगणार? ती म्हणते त्यातलं निम्मं मी खरंच केलंय.

मां गच्चीवरून उतरत होत्या. भांगातलं कुंकू धुतलंय, पण नाक उन्हाने सोललंय, ओळखीच्या माणसाला कळावं इतकं. खाली येऊन त्यांनी लेकीच्या हातातली पिशवी घेतली, तिला बसवलं.

"केशरीला कशाला बोलतेस? जंको मीच नको म्हटला," म्हणाल्या. "माझं वय अजून व्हायचंय."

चंद्रशोभाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ठाऊक आहे. मंसिरात ती माझीच होती.

"मां अशी कधीपासून बोलायला लागलीय?" तिने मला हळूच विचारलं.

"चहा घे," मी म्हटलं, "निवेल."